पवनारच्या वाचनालयातले दोन कॉम्प्युटर

नव्वदच्या दशकात वर्ध्याच्या कचेऱ्यांमध्ये कोणत्याही टायपिस्टला विचारलं असतं, की बाबा तू शिकलास कुठे, तर दहातले सहा जण म्हणाले असते, "नालवाडीले, भोयर बाईकडे." सुमित्राबाई भोयर यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत टायपिंगची संस्था होती. सात मशीन मराठी, चार इंग्रजी. सकाळी सहाला पहिली बॅच बसली की खडखडाट रस्त्याच्या पलीकडच्या पानठेल्यापर्यंत पोचायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, बाईंच्या घरी रोज गारा पडतात.

बाई स्वतः टाइप करताना मशीनकडे बघतच नसत. खिडकीबाहेर शेवग्याच्या झाडाकडे नजर, आणि बोटं आपली चाललेली. चूक झाली तर त्यांना कानाने कळायची. शिकवण्यात त्या कडक होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मी शिकले तसं शिका, शिकाल. आणि पोरं शिकायचीही. त्यामुळे आपल्या म्हणण्यात काही उणं असेल, असं वाटण्याचा प्रसंग बाईंवर पन्नाशी उलटेपर्यंत आला नाही.

सत्त्याण्णव साली त्यांचा जुना विद्यार्थी योगेंद्र नागपूरहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि त्याने बाईंच्या खोलीत एक वापरलेला कॉम्प्युटर आणून ठेवला. बॅचा रोडावत चालल्या होत्या, म्हणून बाईंनीच तो मागवला होता. डॉसवर चालणारा. काळा पडदा, त्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक बारीक रेघ. बाकी काही नाही.

"बाई, हे आपणहून काहीच दाखवत नाई," योगेंद्र जरा ओशाळून म्हणाला. "तुमी सांगान तवाच करन."

"मंग चांगलंच हाये की," बाई म्हणाल्या. "विचारल्याबिगर तोंड उघडू नाई, ही सवय कितीक लोकाईले हाये?"

डॉस बाईंना आवडलं ते पहिल्याच दिवशी. हुकूम टाइप करायचा, तो बरोबर असला तर काम होतं, चुकला तर ते स्पष्ट सांगतं. लबाडी नाही. त्यांनी एका वहीत सगळे हुकूम लिहून काढले आणि त्यांच्यापुढे मराठीत अर्थ. महिनाभरात वही बघायची गरज उरली नाही. पोरांना मात्र ते जड जायचं. सिंदीवरून येणारी एक मुलगी तर त्या काळ्या पडद्यासमोर रडलीच. बाईंनी तिला वही दिली आणि म्हटलं, "पाठ कर."

दोन वर्षांनी विंडोज आलं आणि त्याच्यासोबत माउस. पंचवीस वर्षं बाईंचे दोन्ही हात कळांवरच्या आपापल्या जागी बसलेले. आता उजव्या हाताने घर सोडून बाहेर जायचं, उंदीर पकडायचा, चित्रावर नेऊन टिचकी मारायची आणि परत यायचं. बाईंना त्याचा राग यायचा. बंडूजी, त्यांचे यजमान, दुपारी कापडाचं दुकान बंद करून जेवायला येत. ते दाराशी उभे राहून गंमत बघायचे.

"काऊन वं, भांडून राह्यली का त्याच्याशी?"

"चित्रं दाखवते जी हे. मी का बालवाडीत हावो?"

पण ज्या पोरी डॉसपुढे मुसमुसत होत्या, त्या या चित्रांपुढे हसत बसल्या. बाईंनी ते पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं. नवीन पिढीला मेहनत नको असते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला, आणि तो अर्थ त्यांच्या मनात बरीच वर्षं तसाच राहिला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात पवनारचे नानाजी त्यांच्याकडे आले. नानाजी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आता गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. वाचनालयाला दोन कॉम्प्युटर मिळणार होते. त्यांच्यात काय टाकायचं, हा प्रश्न होता. योगेंद्रचं आता वर्ध्यात स्वतःचं दुकान होतं, आणि तो म्हणाला होता, "विंडोज टाकून देतो, तुमी फिकर करू नका."

"मी त्याले इचारलं, त्याचं लायसन येते का," नानाजी म्हणाले. "तर हासला. म्हणे, काकाजी, सगळे असंच टाकतेत. म्या म्हटलं, बाबू, माही पस्तीस वर्षं पोस्टात गेली. बिनतिकिटाच्या पत्राले आमी बैरंग म्हणो आन् दंड लावो. आता वाचनालयात बैरंग माल आणू का?"

बाईंना हा माणूस फार आवडला. नानाजींच्या पिशवीत एक पाकीट होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की लिनक्स नावाचं एक आहे, ते फुकट मिळतं, चोरीचं नसतं, आणि त्याची सीडी मागवली तर परदेशातून टपालाने घरपोच येते. टपालाने येते म्हटल्यावर नानाजींनी ती मागवली होती. आता ती बाईंच्या हातात ठेवून ते म्हणाले, "तुमी पाहून सांगा. तुमी सांगान ते करू."

बाईंनी तीन आठवडे त्या सीडीचा पिच्छा पुरवला. मराठी टाकण्यासाठी इंटरनेटवरून काही भाग उतरवून घ्यावे लागले, ते योगेंद्रने कुरकुरत का होईना दुकानातून आणून दिले. आणि मग पडद्यावरचे मेनू मराठी झाले. जतन करा. उघडा. छपाई. बाई नुसत्या बघत राहिल्या. इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवला, पण तो आपल्याशी मराठीत बोलेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणखी एक गोष्ट झाली. मेनू चाळता चाळता एक काळी खिडकी उघडली आणि तिच्यात तीच लुकलुकणारी रेघ. बाईंनी सवयीने डॉसचा जुना हुकूम टाइप केला, डीआयआर. फायलींची यादी आली! माहेरच्या गावचं कुणी बाजारात अवचित भेटावं तसं त्यांना झालं.

अडचण एकच होती. विंडोजमध्ये त्या जे फॉन्ट वापरत, त्यांची अक्षरं टाइपरायटरसारखीच लावलेली होती. इथे मांडणी वेगळी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. बावन्नाव्या वर्षी बोटांना नवीन घर शिकवायचं. बाई रोज पहाटे बसल्या आणि बाराव्या दिवशी शेवग्याच्या झाडाकडे बघत पानभर मजकूर लिहून मोकळ्या झाल्या. त्याचा त्यांना अभिमान वाटला. वाटणारच. पण अभिमान वाटला की माणूस आपल्या मापाने दुनिया मोजायला लागतो, आणि तेच झालं.

त्यांनी नानाजींना कळवलं, दोन्ही कॉम्प्युटरवर लिनक्सच टाका.

योगेंद्र ते बसवून द्यायला तयार झाला, पण जाताना म्हणाला, "बाई, राग मानू नका. तुमाले आवडलं म्हणून लोकाईले आवडन का?"

"मी बावन्न वर्षांची बाई शिकली. लोकाईले का धाड भरली?"

योगेंद्रने सीडी पिशवीत टाकली. विद्यार्थी होता शेवटी.

पोळा झाल्यावर बाई एकदा सहज म्हणून बसने पवनारला गेल्या. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक लांबट खोली, वर्तमानपत्रांचं टेबल आणि भिंतीला दोन कॉम्प्युटर. त्यांतल्या एकावर चादर टाकलेली होती, आणि चादरीवर मासिकांचा गठ्ठा. दुसऱ्यासमोर एक बाई बसून एका बोटाने काहीतरी टाइप करत होत्या. नानाजी उठून उभे राहिले. पाणी दिलं, हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. बाईंनी चादरीकडे पाहिलं.

"कोणी बसत नाई का?"

नानाजींना खोटं बोलता येत नव्हतं. "सुरवातीले आलते पोट्टे. मंग म्हणे, काकाजी, आमची सरकारी कॉम्प्युटरची परीक्षा असते ते विंडोजवर असते. हे शिकून काय करू? ते वर्ध्याले जातेत आता. आन् आपला प्रिंटर, तो देणगीतला, तो याच्यावर चालतच नाई. योगेंद्रनं दोनदा पायलं."

"मले काऊन नाई सांगितलं?"

नानाजी चष्मा पुसत राहिले. "तुमी इतक्या आपुलकीनं सांगितलं होतं, बाई. कसं सांगू?"

परतीच्या बसमध्ये बाईंना खिडकीची जागा मिळाली, पण धाम नदीचा पूल केव्हा गेला ते त्यांना कळलं नाही. काम बिघडलं याचं दुःख होतंच. त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. लोकांना आपल्याला खरं सांगायची भीती वाटते. नानाजींसारख्या सरळ माणसालाही. आणि ती सिंदीची मुलगी, वही पाठ कर म्हटल्यावर पुन्हा आलीच नव्हती. तिला काय अडत होतं, हे आपण तेव्हा विचारलं का? बाईंनी खूप आठवून पाहिलं. तिचं नावही आठवलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी बंडूजींना सगळं सांगितलं. बंडूजी काही काळ्या पडद्यांतले जाणकार नव्हते. पण तीस वर्षं त्यांनी बायकांना लुगडी विकली होती.

"गिऱ्हाइकाले आपल्या पसंतीचा रंग दाखवून चालत नाई," ते म्हणाले. "दहा लुगडी टाकाची पुढं आन् गुमान बसाचं. हात कुठं जाते तेवढं पाहाचं."

बाईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या योगेंद्रच्या दुकानात गेल्या आणि आठ दिवसांसाठी विंडोजचा एक कॉम्प्युटर मागितला, तोही लायसनवाला. योगेंद्रने आपल्या दुकानातला स्वतःचाच काढून दिला. का हवा, ते विचारलं नाही. देणगीतला प्रिंटर त्याला जोडला.

मग आठ दिवस रोज दुपारी, भारनियमनाची वेळ टाळून, बाई वाचनालयात बसल्या. जो येईल त्याला दोन्ही कॉम्प्युटरवर तेच काम सांगायचं: एक अर्ज लिहा, जतन करा, बंद करा, पुन्हा शोधून काढा, आणि प्रिंटर जिथे चालतो तिथे छापा. आणि आपण मागच्या खुर्चीवर बसून तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. कुणी चुकीच्या जागी टिचकी मारली की बाईंचे हात मांडीवर वळवळायचे. पदराचं टोक मुठीत धरून त्या बसायच्या.

कॉलेजला जाणारी सपना दोन्हीकडे सराईतपणे चालली. खरं तर लिनक्सवर तिचं काम आधी झालं. "याच्यात व्हायरस नाई येत म्हणतेत, ते चांगलं हाये," ती म्हणाली. "पण बाई, पेपरात हे येत नाई ना. नोकरीवालेही हे इचारत नाई." तिच्यापुरता प्रश्न तिथेच मिटला होता, आणि तिचं काही चुकलं होतं असं बाईंना म्हणवेना.

नानाजी स्वतः बसले. विंडोजवर ते दोनदा अडले. दोन्ही वेळा त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि पुण्याच्या मुलाला फोन लावला. मुलगा तिकडून सांगत गेला, डाव्या हाताला खाली पाहा बाबा, हिरवं बटण. नानाजी हो हो करत गेले. अर्ज छापून झाला तरी फोन चालूच होता. नातवाचा दात पडला, तिकडे पाऊस किती, आईचा गुडघा कसा आहे. मग ते लिनक्ससमोर बसले. अडले. मोबाइल हातात घेतला आणि तसाच धरून राहिले.

"त्याले हे येत नाई," ते म्हणाले.

"पण हे मराठीत हाये नानाजी. तुमाले वाचता येते," बाईंच्या तोंडून निघून गेलंच.

"हाये जी. सोपंही हाये." नानाजींनी मोबाइल खिशात ठेवला. "पण बाई, मले कॉम्प्युटर नाई समजत. मले पोराचा आवाज समजते."

बाईंनी वहीत काहीतरी लिहायला पेन उघडलं होतं. ते त्यांनी तसंच मिटलं.

पाचव्या दिवशी त्या एका बोटाने टाइप करणाऱ्या बाई आल्या. भागाबाई कुमरे. गोंड समाजाच्या, कारंज्याकडच्या एका पाड्यावरून लग्न होऊन इकडे आलेल्या, मराठी सातवी शिकलेल्या. बचत गटाच्या सचिव. त्यांना बाईंनी आधी विंडोजसमोर बसवलं. भागाबाई अंग चोरून बसल्या. माउसला हात लावायच्या आधी त्यांनी तो पदराला पुसला. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, मग मागे वळून बाईंकडे पाहिलं. शेवटी भागाबाईंनी हात मांडीवर घेतले.

"साहेबाच्या घरी गेल्यावानी वाटते," त्या म्हणाल्या. "बस म्हणते वाटते तो, पण कुठं बसू?"

मग त्या उठून आपल्या रोजच्या जागी, लिनक्ससमोर, बसल्या. तिथे त्यांनी मेनू वाचला, मोठ्याने, एकेक शब्द: नवीन, उघडा, जतन करा. अर्ज लिहिला. एका बोटानेच, पण अक्षर शोधायला त्यांना फार वेळ लागत नव्हता. स्वर इकडे, व्यंजनं तिकडे, हे त्यांनी शाळेतल्या बाराखडीसारखं धरलं होतं. बाईंच्या बोटांना बारा दिवस लागले, कारण त्यांना आधी जुनं विसरावं लागलं. भागाबाईंजवळ विसरायला काही नव्हतं.

"तुमी रोज येता. काय लिहिता?" बाईंनी विचारलं. नियम मोडला, पण आता राहवलं नाही.

भागाबाई लाजल्या. "माह्या मायची गाणी हायेत. लग्नातली. आमच्या गोंडीतली. आता पाड्यावर दोघीतिघीच म्हणतेत. पोरी आमच्या मराठी बोलतेत, हिंदी बोलतेत. म्हटलं, लिहून ठेवाव."

"आन् छापली नाई कधी?"

"छापत नाई ना हे."

बाईंना त्या वेळी काय वाटलं, ते त्यांनी नंतर फक्त बंडूजींना सांगितलं. तीन महिने एक बाई रोज येऊन आपल्या आईची गाणी त्या पेटीत ठेवत होती, आणि ती बाहेर कशी काढायची हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ज्यांनी ते बसवायला सांगितलं त्या मॅडमला विचारायची कुणाची छाती नव्हती.

आठ दिवस संपल्यावर वाचनालयाच्या समितीपुढे बाई उभ्या राहिल्या. दहा-बारा माणसं होती, योगेंद्रही आला होता. बाई म्हणाल्या, "मी चुकली. मले जे सोपं गेलं, ते सगळ्याले सोपं जाईन असं मी धरलं. यातलं एक चांगलं आन् एक वाईट, असं नाई. ज्याले परीक्षा द्याची हाये, ज्याचा पोरगा पुण्याहून सांगते, त्याले विंडोज पाहिजे. ज्याले इंग्रजी येत नाई आन् आपल्या बोलीत लिहाचं हाये, त्याले हे दुसरं. दोन कॉम्प्युटर हायेत, एकावर एक ठेवा, दुसऱ्यावर दुसरं. पण विंडोज घ्याल ते लायसनवालं घेजा. नानाजीचं म्हणणं मोडू नका."

कुणीतरी मागून म्हणालं, "मंग तीन महिने वाया गेले म्हणाचे?"

"माहे गेले," बाई म्हणाल्या. "भागाबाईचे नाई गेले."

कामं व्हायला दिवाळी उजाडली. लायसन आलं. चादर निघाली, पोरं परत आली, आणि विंडोजच्या कॉम्प्युटरपुढे नंबर लावायची वही ठेवावी लागली. तिच्यात नानाजी स्वतःचं नावही रांगेने लिहीत. लिनक्सवर चालणारा प्रिंटर योगेंद्रने नागपूरहून शोधून आणला. त्याने बाईंना म्हटलं, "माहंही थोडं चुकलंच बाई. मी तो प्रिंटर दोनदा पायला, पण मन लावून नाई पायला. मले वाटे, हे चाललंच नाई पाहिजे."

पुढची दोन वर्षं लिनक्सचा कॉम्प्युटर बहुतेक भागाबाईंच्याच ताब्यात होता. मग गटातल्या दोघी त्यांच्या शेजारी बसायला लागल्या, मग चौघी. एखादी अडली की भागाबाई तिच्या हातातून माउस काढून घेत नसत. "वाच, काय लिहलं हाये ते," एवढंच म्हणत. बाई कधी गेल्या तर मागच्या बाकावर बसून हे बघत. इतकी वर्षं शिकवूनही हे आपल्याला असं जमलं नव्हतं, असं त्यांना वाटे, आणि आता ते वाटताना फारसं दुखत नसे.

टायपिंगची संस्था त्यांनी दोन हजार आठमध्ये बंद केली. मशीन विकली, एक ठेवलं. तरी लोक येतच राहिले, आता दुसरा प्रश्न घेऊन: बाई, पोरासाठी कॉम्प्युटर घेतो, त्याच्यात काय टाकू? बाई त्यांना पाणी देत आणि उलट विचारत: घरी इंग्रजी कोणाला वाचता येतं? काम काय करायचं आहे? आणि अडलं तर हाक मारायला शेजारी कोण आहे? शेवटच्या प्रश्नाने माणसं बुचकळ्यात पडत. योगेंद्रला बाईंचे हे प्रश्न ठाऊक झाले होते. घोळात पडलेलं गिऱ्हाईक दुकानात आलं, की तो त्याला आधी नालवाडीला पाठवून द्यायचा.

त्याच वर्षी थंडीत भागाबाई बसने नालवाडीला आल्या. पिशवीतून त्यांनी दोऱ्याने शिवलेले कागद काढले. एक्केचाळीस गाणी. जाड पुठ्ठ्याच्या पानावर त्यांच्या आईचं नाव, खाली पाड्याचं नाव. स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

बाईंनी पहिलं पान उघडलं. अक्षरं सगळी ओळखीची, छपाई स्वच्छ, एक मात्रा कुठे चुकलेली नाही. पण ओळ वाचली तर अर्थाचा पत्ता नाही. त्यांनी पुन्हा वाचली, मोठ्याने, अडखळत, पहिलीतल्या पोरासारखी एकेक अक्षर लावत.

भागाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "तसं नाई बाई. ते वढून म्हणाचं असते."

"मंग म्हणून दाखवा ना," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि कागद त्यांच्याकडे सरकवले. भागाबाईंनी कागद घेतले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. बंडूजी दुकानातून जेवायला आले होते. ते चपला काढता काढता थांबून दारातच उभे राहिले.